क्वार्ट्झ फोर्कचं रीडिंग १०० पास्कलखाली अडकत होतं, उपाय सापडला

घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ फोर्क (कंप पावणारा छोटा दुशाखी काटा), वरची डबी काढून, चेंबरमध्ये बसवला होता. वायूमुळे कंपन किती लवकर विरतं, त्यावरून दाब कळतो. पण १०० पास्कलखाली आकडा हलेना. दोष फ्रिक्वेन्सी स्वीपच्या, म्हणजे वारंवारता हळूहळू बदलत कंपनाचं शिखर शोधण्याच्या, वेगात होता. चांगल्या निर्वातात क्यू (कंपन किती हळू विरतं याचा आकडा) ८०,००० असेल, तर कंपन स्थिरावण्याचा कालांक सुमारे ०.८ सेकंद. घाईच्या स्वीपमध्ये शिखर पसरतं, क्यू कमी दिसतो, म्हणून दाब जास्त वाटतो. ०.०५ हर्ट्झच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर ४ सेकंद थांबा, एवढ्याने शिखर नीट आलं. त्याहून उत्तम म्हणजे ड्राइव्ह (फोर्क हलवणारा विद्युत संकेत) तोडून थेट विरण्याचा काळ मोजणं. मी आता तेच करतो. उच्च निर्वातातला १/क्यू मात्र वजा कराच, तो क्वार्ट्झचा स्वतःचा क्षय आहे. हेलियमसाठी कॅलिब्रेशन वेगळं.