पहिल्यांदाच वेगळी भाजी लावताय? सोलापुरात या चुका टाळा

चौधारी घेवड्याचं, म्हणजे चार धारांच्या शेंगा येणाऱ्या वेलाचं, बी मी जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरी पडल्यावर लावलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीचा अख्खा कठडा त्या वेलाने गणपतीपर्यंत झाकून टाकला. पानं हिरवीगार, कीड नाही, रोग नाही, पण फूल म्हणून एकही नाही. शेणखत घातलं, शेंडे खुडले, ताक फवारलं. सप्टेंबर संपता संपता, बी वांझोटं निघालं असं समजून वेल मुळासकट उपटला. बी चांगलं होतं. चौधारीला फुलायला लहान दिवस लागतात. दसऱ्यानंतर तो वेल आपोआप फुलला असता. भरल्या अंगाचा वेल हाताने काढून टाकल्याची हळहळ मला अजून आहे, आणि नव्या भाज्या लावणाऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

लाल भेंडी, झुकिनी, ब्रोकोली, लेट्यूस, हातभर लांब चवळी, जांभळी फरसबी. आता यांचं बी सहज घरी येतं. पहिला प्रयत्न फसला की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘आपल्या हाताला यश नाही’ किंवा ‘सोलापूरच्या उन्हात काही येत नाही’. दोन्ही खोटी आहेत. बहुतेक वेळा चुकतो तो महिना.

पाकिटावरचा महिना आपला नसतो

पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते थंड प्रदेशातल्या वसंताबद्दल असतं. आपल्याकडे मार्चमध्येच कुंडी हाताला चटका देते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणून तिकडच्या उन्हाळी भाज्यांपैकी कितीतरी आपल्याकडे हिवाळ्यात लावाव्या लागतात. झुकिनी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. लेट्यूस दिवाळीनंतर. लेट्यूसचं बी तर माती तापलेली असली की उगवतच नाही, झोपून राहतं. तिशीपलीकडची माती त्याला नको. बी मातीत खोल पुरणं ही त्यावरची दुसरी चूक, कारण त्याला उगवायला उजेडही लागतो. वरवर भुरभुरवा, हाताने हलकं दाबा, आणि ट्रे उगवेपर्यंत घरात गार, उजेडाच्या जागी ठेवा.

ब्रोकोलीची अडचण वेगळी आहे. रोपं सप्टेंबरात करायची असतात आणि सोलापुरात वर्षातला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरातच पडतो. उघड्यावर ठेवलेल्या ट्रेमधली रोपं बुडाशी पिचकून आडवी पडतात. बियांना दोष देण्यात अर्थ नाही. ट्रे पत्र्याखाली पण उजेडात ठेवा, पाणी वरून न घालता खालून शोषू द्या. रोप चार-पाच आठवड्यांचं झालं की लगेच मोठ्या जागी हलवा. ट्रेमध्येच मुळं गुंडाळून बसलेलं, वय झालेलं रोप लावलं तर गड्डा लिंबाएवढाच धरतो आणि तिथेच थांबतो. ‘एवढुसाच का आला’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

आणि कांदा. बाहेरदेशी कांद्याच्या सुंदर जातींची चित्रं पाहून मोहात पडू नका. त्यातल्या पुष्कळ जातींना गड्डा धरायला चौदा तासांच्या वरचा दिवस लागतो. सोलापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांहून जेमतेम थोडा जास्त असतो. तुम्ही कितीही खत घाला, हाती नुसती पातच येणार.

या उलट, आपल्या उन्हाला धरून वाढणाऱ्या ‘नव्या’ भाज्या भरपूर आहेत, आणि त्यांतल्या काही शेजारीच सापडतात. उन्हाळ्यात पालक टिकत नाही म्हणून मी परदेशी पालेभाज्या शोधत होते. आमच्या शेजारच्या पद्मशाली काकूंच्या कुंपणावर तेव्हा बचली चढलेली होती. आपण तिला मायाळू म्हणतो. एक फांदी खोवली की लागते. कानडी घरांतली पुंडी पल्ले, तेलुगू घरांतली गोंगुरा आणि आपली अंबाडी हीसुद्धा एकच. तीन भाषांच्या शहरात राहण्याचा हा केवढा फायदा आहे! बी ऑनलाइन मागवण्याआधी गल्लीत विचारून पाहा.

साक्षीदार कुंडी लावली नाही

ही चूक जवळजवळ सगळे करतात. नवी भाजी लावतात आणि शेजारी नेहमीची लावत नाहीत. मग ती रुसली की कशामुळे रुसली हे कळायला काही मार्गच उरत नाही.

लाल भेंडी लावायची असेल, उदाहरणार्थ वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने काढलेली ‘काशी लालिमा’, तर त्याच मातीत, त्याच दिवशी, शेजारच्या कुंडीत आपली रोजची हिरवी भेंडी लावा. दोन्ही पिवळ्या पडल्या तर माती किंवा पाणी तपासा. हिरवी जोमात आणि लाल मागे असेल तर जात किंवा हंगाम. झुकिनीला साक्षीदार दोडका नको, काकडी ठेवा. दोडका इतका काटक असतो की त्याची साक्ष उपयोगी पडत नाही. पाकीट एकदम संपवू नका. अर्धं आज, उरलेलं पंधरा दिवसांनी, आणि कुंडीवर तारीख. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

पाणी आणि पिवळी पानं

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. पाणी आलं की कुंड्या तुडुंब भरायच्या, नंतर कोरड्या ठेवायच्या, ही सवय नेहमीची वांगी-मिरची सोसतात. नवख्या टोमॅटोच्या मोठ्या फळांच्या जाती सोसत नाहीत. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो. लोक अंड्याच्या टरफलांचा चुरा घालतात. पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आधीच असतं, ते फळापर्यंत पोचवणारं पाणी मधेच तुटतं. पिंपात साठवून रोज थोडं घाला, मातीवर पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं जाड आच्छादन करा. पुढची फळं स्वच्छ येतात.

बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो का बघा. जुन्या पानांच्या कडा करपणं ही क्षारांची खूण आहे. फरसबी, गाजर, मुळा यांना क्षार अजिबात चालत नाहीत. बीट आणि पालक बरंच सहन करतात. तुमच्याकडे फक्त बोअरच असेल तर पहिला प्रयोग रंगीत बीटचा करा, जांभळ्या फरसबीचा नको. आणि घरातल्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने कुंड्यांत घालू नका. त्यात मूळच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला ते ठीक. पावसाळ्यात एक-दोनदा कुंड्या उघड्यावर ठेवून चांगल्या भिजू द्या, खालून पाणी वाहून गेलं की क्षारही जातात.

पिवळेपणा नवीन, शेंड्याच्या पानांवर असेल आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर युरिया टाकू नका. ती लोहाची कमतरता आहे. आपल्या विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलीयुक्त) काळ्या मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. खतांच्या दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं. त्यात ईडीडीएचए प्रकारचं मागा, कारण ईडीटीए प्रकार अशा मातीत फार टिकत नाही. मुळात कुंडीत नुसती काळी माती भरूच नका. ओली असताना चिकट, वाळली की विटेसारखी आणि भेगाळलेली. एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, हे माझ्याकडे चाललेलं प्रमाण.

फुलं येतात, फळ धरत नाही

झुकिनीला आधी नुसती नर फुलं येतात, म्हणून आठवडाभर काळजी करू नका. मागे इवलंसं फळ असलेलं ते मादी फूल. गच्चीवर मधमाशा कमी फिरकतात, तेव्हा सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवा. दहानंतर फुलं मिटायला लागतात. बोटाएवढी होऊन पिवळी पडणारी, टोकाकडून कुजणारी झुकिनी म्हणजे बहुतेक वेळा अर्धवट परागीभवन.

टोमॅटोची फुलं एप्रिलमध्ये गळत असतील तर औषध शोधू नका. दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की पराग निकामी होतो. शेडनेट लावून झाड जगवता येतं, फळ बहुधा नाही. चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात तग धरतो.

ताटात येण्याआधी

जांभळी फरसबी शिजवली की हिरवी होते. फसवणूक झालेली नाही, तो रंग उष्णतेत टिकतच नाही. लाल भेंडीचंही तसंच. रंग हवा असेल तर कोवळी, कच्ची, कोशिंबिरीत चिरून घाला.

दोन गोष्टींत मात्र धोका आहे. अबईच्या (तलवारीसारख्या मोठ्या शेंगांचा घेवडा) शेंगा कोवळ्या असतानाच भाजीला घ्या. पक्व, कोरडं बी तसंच खाण्याजोगं नसतं. आणि झुकिनी, दुधी, काकडी यांतलं कुठलंही फळ कडू लागलं तर घास थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही आणि त्याने पोट गंभीर बिघडू शकतं. घरी धरलेल्या बियांची झुकिनी शोभेच्या भोपळ्याशी संकर पावलेली असेल तर हे हमखास घडू शकतं, म्हणून झुकिनीचं बी घरी धरू नका.

बी धरायचंच असेल तर घेवडा, चवळी, टोमॅटोपासून सुरुवात करा. यांचा आपोआप संकर फारसा होत नाही. पाकिटावर एफ-वन (म्हणजे संकरित बी) लिहिलेलं असेल तर पुढच्या पिढीत तीच भाजी मिळेल ही आशा सोडा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती गावरान बी जपण्यासाठी. चांगल्या झाडाचं बी वर्षानुवर्षं निवडून ठेवलं की ते त्या जागेचं होत जातं, आणि हे आपल्या चार कुंड्यांतही करता येतं.

चौधारी मी पुन्हा लावला. बियांच्या कडक सालीला जरासं खरवडून रात्रभर पाण्यात ठेवलं, यंदा जुलैअखेर पेरलं, आणि हात आवरला. दसऱ्यानंतर आकाशी निळी फुलं आली. शेंगा वीतभर व्हायच्या आत तोडायच्या. शेंग वाकवली की मोडली पाहिजे. चार दिवस राहून गेल्या तर धारा चिवट होतात, मग त्या बियांसाठी वेलावरच वाळू द्या.