खाडीतल्या शिणाण्यांची वाढ मोजताना

कोकणात शिणाण्यांचं, म्हणजे खाण्याच्या हिरव्या शिंपल्यांचं, बी (लहान पिल्लं) पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोरीला बांधतात आणि माल मृगाआधी काढतात. ही शेती करणाऱ्या बचत गटाला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून दोन उत्तरं हवी असतात: बी किती दाट बांधावं आणि माल नेमका कधी काढावा.

दाटीसाठी १२ ते १४ मिमी जाडीची नायलॉन दोरी आणि २० ते २५ मिमीचं बी घ्या. मीटरला ५०० ग्रॅम आणि ७५० ग्रॅम अशा दोन घनता ठेवा, प्रत्येकीच्या किमान तीन दोऱ्या, आणि कुठली दोरी कुठे टांगायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका दोरीवरची तीस शिणाणी म्हणजे तीस नमुने नव्हेत. नमुना दोरी, म्हणून आकडेमोडीत दोरीची सरासरी धरा. बी सुती जाळीत गुंडाळून शिवा. शिणाणी तंतूंनी दोरी धरतात, मग सूत कुजून जातं. नायलॉनची जाळी कुजत नाही आणि बी आतच कोंडतं. दोरीचं टोक उधाणाच्या सुकतीलाही चिखलापासून अर्धा मीटर वर हवं, नाहीतर खालची शिणाणी गाळात गुदमरतात. खडकावरचं बी तिथे नेहमी शिणाणी काढणाऱ्या बायकांना विचारूनच घ्या, आणि खडक पुरता खरवडू नका.

सर्वांत जास्त प्रकल्प फुकट जातात ते पाण्याच्या नोंदींत. खाडीत भरती ते सुकती एवढ्या वेळात क्षारता इतकी बदलते, की वेगवेगळ्या वेळी घेतलेले आकडे शेजारी मांडण्यात अर्थच उरत नाही. यावर उपाय गावातच आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: चतुर्थीला साधारण ३ वाजता भरती, ९ च्या सुमारास सुकती. शुद्ध आणि वद्य, दोन्ही चतुर्थ्यांना गेलात तर दर पंधरवड्याला त्याच घटकेला तीच भरती सापडते. वहीत मात्र भरतीच्या तक्त्यातली वेळ लिहा.

पाणी पृष्ठभागावरचं नको, दोरीच्या मध्याच्या खोलीवरचं घ्या. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहता भरा आणि ऑक्सिजन धरून ठेवणारी दोन्ही रसायनं (मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड) होडीतच घाला. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थांबलात, तर बाटलीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात राहतात. रसायनांनी तळाला बसलेला साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही.

वाढ मोजताना हाताला मोठी शिणाणी आधी लागतात. म्हणून दोरीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून प्रत्येकी दहा सेंटिमीटर पट्ट्यातली सगळी काढा, मेलेलीही मोजा. व्हर्नियरने कवचाची जास्तीत जास्त लांबी ०.१ मिमीपर्यंत लिहा. मग कवच उघडून पाणी निथळू द्या, मांस टिपकागदावर टिपून तोला. मांसाचं वजन भागिले अख्ख्या शिणाण्याचं वजन गुणिले १०० हा मांसाचा टक्का. टिपायचं राहिलं तर तो खोटाच फुगतो.

काढणीचा निर्णय लांबीवर नको, या टक्क्यावर घ्या. शिणाणी अंडी सोडतात तेव्हा लांबी तीच राहते, मांस मात्र उतरतं. टक्का सलग दोन चतुर्थ्यांना वाढला नाही, तर गटाला त्याच दिवशी कळवा. मेअखेर आली असेल तर टक्क्याची वाटही पाहू नका: मोठ्या पावसात क्षारता १५ पीपीटीखाली (हजार भाग पाण्यात १५ भाग क्षार) जाऊन तिथेच राहिली, की शिणाणी कवच मिटून उपाशी बसतात आणि दोरीवरच मरू लागतात.