सी-पर्लिन कापायला घेण्याआधी

200 मिमी उंचीची, 2 मिमी पत्र्याची गॅल्व्हनाइज्ड सी-पर्लिन (छपराचे पत्रे पेलणारी, C आकाराची तुळई) आहे आणि तिच्यातला रेसिड्युअल स्ट्रेस (बाहेरून भार नसतानाही धातूत अडकून राहिलेला) पट्ट्या कापून मोजायचा आहे, असं धरून ही तयारी सांगतोय. कापलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही, म्हणून तयारीला कापण्याच्या दुप्पट वेळ गेला तरी कुरकुर करू नका.

आधी पत्र्याची कुंडली काढा. पर्लिन रोल फॉर्मिंगची (रोलरांमधून टप्प्याटप्प्याने वळवलेली) की प्रेस ब्रेकवर (दाबून घडी घालणाऱ्या मशीनवर) वाकवलेली, हे सगळेच विचारतात. कॉइलबद्दल कोणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथे असते. 508 मिमी आतल्या व्यासाच्या कॉइलमध्ये 2 मिमी पत्रा गुंडाळला, की सगळ्यात आतल्या वेढ्यात पृष्ठभागावर सुमारे 3900 मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत 3900 भाग बदल) येतो. 350 मेगापास्कलचं स्टील 1700 च्या आसपासच यील्ड होतं, म्हणजे कायमचा आकार बदलू लागतं. हिशेब केला तर साधारण 585 मिमीपेक्षा कमी त्रिज्येच्या प्रत्येक वेढ्यात पत्रा कायमचा वाकलेला निघतो, आणि पुढे त्याला उलटं वाकवून सपाट करतात. एकही कोपरा वळण्याआधी वेबमध्ये (पर्लिनच्या उभ्या सपाट भागात) स्ट्रेस येऊन बसतो तो असा. तेव्हा कॉइल नंबर, टेस्ट सर्टिफिकेट, आणि जमल्यास तुकडा आतल्या वेढ्यांतला की बाहेरच्या, हे शॉपमधून लिहून आणा. ‘सगळं एकच मटेरियल आहे हो’ असं उत्तर मिळेल, तरी विचारा. जवळपास वेल्डिंग किंवा गॅस कटिंग झालंय का, तेही बघून घ्या.

नमुना पर्लिनच्या मधल्या भागातून घ्या. कापलेल्या टोकाशी स्ट्रेस आधीच मोकळा झालेला असतो, म्हणून दोन्ही टोकांकडून उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. पट्ट्यांच्या रेघा आणि नंबर आताच मारा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. सुट्या झाल्यावर सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.

स्ट्रेन गेज (पत्र्यावर चिकटवून त्याचं ताणणं-आकसणं मोजणारे) दोन्ही बाजूंना लागतात, यात तडजोड नको. समजा पट्टी सुटल्यावर बाहेरचा गेज उणे 600 मायक्रोस्ट्रेन दाखवतो आणि आतला अधिक 500. मोकळा झालेला स्ट्रेन उलट चिन्हाने घ्यायचा, म्हणजे पर्लिनमध्ये बाहेर 123 मेगापास्कल ताण होता आणि आत सुमारे 103 दाब. सरासरी काढली तर जेमतेम 10 उरतात. बाकीचा सगळा खेळ बेंडिंगचा. एकाच बाजूला गेज लावणारा ‘123 ताण’ एवढंच लिहून मोकळा होईल. पट्टी सुटली तरी जाडीतल्या थरांमधला काही स्ट्रेस आत राहतोच, पद्धतीची ही मर्यादा रिपोर्टमध्ये नोंदवा.

लिपच्या (पर्लिनच्या आत वळलेल्या कडेच्या) आतल्या कोपऱ्यात बोट कसंबसं जातं, सोल्डरिंग आयर्न जात नाही. तिथे वायरी आधीच जोडलेले, 3 मिमीचे छोटे गेज मागवा. गेजखालचं झिंक एमरी पेपरने हाताने काढा. अँगल ग्राइंडर त्या टेबलावर दिसताच कामा नये, कारण तो उष्णता आणि स्वतःचा नवा स्ट्रेस दोन्ही देतो. जाडीही झिंक काढल्यावरची मोजा.

कापायला वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेने कापणारं मशीन) मिळत असेल तर तोच. नाहीतर भरपूर कूलंट आणि हळू फीडवर बँडसॉ. दोन्हीकडे पाणी आहेच, म्हणून गेजवर वॉटरप्रूफ कोटिंग चढवून रात्रभर सुकू द्या. वायरी काढून पुन्हा लावायचा मोह टाळा: 120 ओहमच्या गेजवर जोडणीत 0.01 ओहमचा फरक पडला तरी 40 मायक्रोस्ट्रेनच्या वर, म्हणजे साधारण 8 मेगापास्कलची चूक होते. न कापलेल्या तुकड्यावर एक डमी गेज (फक्त तापमानाचा परिणाम वजा करण्यासाठी) ठेवा, आणि रीडिंग कापल्याबरोबर न घेता तापमान मूळ जागी आल्यावर घ्या.

टेन्साइल कूपन (ओढून ताकद तपासायचे नमुने) शेवटी काढायचे असले तरी त्यांच्या जागा आजच आखा: वेबचा एक, कोपऱ्याचा एक. वेबचा कूपन कमानीसारखा वाकून निघेल. हातोडीने सरळ करू नका. यूटीएमच्या (ओढून चाचणी घेणाऱ्या मशीनच्या) जबड्यात धरून ओढला की तो आपोआप सरळ होतो आणि सुटलेला बेंडिंग स्ट्रेस बराचसा परत येतो. त्याच्याही दोन्ही बाजूंना गेज लावावे लागतील, तेव्हा गेजची ऑर्डर देताना हे धरून द्या.