मेलबर्नला नवीन आलात? बागेचं कॅलेंडर आधी उलटं करा

दर वर्षी नवीन घरात राहायला आलेली मंडळी विचारतात की कढीपत्ता कधी लावू, टोमॅटो कधी लावू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी ऊन बघा. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे मिरची, तुळस, कढीपत्ता उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीशी ठेवायचे, घराच्या दक्षिणेची बाजू हिवाळाभर सावलीतच असते. कढीपत्ता कुंडीतच बरा, म्हणजे जूनमध्ये, इथला हिवाळा सुरू झाला की, उचलून छपराखाली नेता येतो. थंडीत त्याची पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, ओल्या गार मातीत मुळं कुजतात.

महिने पाठ करण्यापेक्षा आपले सण धरा, सोपं जातं. गुढीपाडव्याच्या आसपास मेथी, कोथिंबीर, पालक, लसूण (उन्हाळ्यात पेरलेली कोथिंबीर लगेच फुलावर येते, पानं मिळतच नाहीत). आषाढीला म्हणजे जुलैत गुलाबाची छाटणी, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरका काप. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं मात्र दिवाळीच्या सुमारास जमिनीत लावा. इथले जुने लोक मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीचा दिवस धरतात, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, कारण त्याआधी माती गारच असते आणि रोपं नुसती उभी राहतात, वाढत नाहीत. सप्टेंबरात दुकानात रोपं दिसली म्हणून घाई नको.

आता लिंबू, कारण भाड्याच्या घरातसुद्धा मागच्या अंगणात हे झाड बरेचदा असतंच. फांद्यांवर लांबट फुगलेल्या गाठी दिसल्या तर ती गॉल वास्प, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशी, आणि गाठीच्या आत तिच्या अळ्या असतात. ऑगस्ट संपायच्या आत त्या फांद्या कापा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही आठवडे उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. गाठी खूप असतील आणि सगळं झाड बोडकं होणार असेल तर हिवाळ्यातच बटाट्याच्या पीलरने गाठीची एका बाजूची साल तासून काढा, आतल्या अळ्या उघड्या पडून वाळतात. गाठीवर बारीक भोकं दिसत असतील तर माशा उडून गेल्यात, ती फांदी कापून उपयोग नाही. आणि हिवाळ्याच्या शेवटी नायट्रोजनवालं खत देऊ नका हो, कोवळी फूट येते आणि माशीला तीच हवी असते. बुंध्याशी कलमाच्या जोडाखालून काटेरी फूट आली की लगेच काढून टाका, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाची असते, तिला आपलं लिंबू लागणार नाही.

टार्नेट, पॉइंट कुक, ट्रुगनिना या पश्चिमेकडच्या उपनगरांच्या बाजूला राहत असाल तर माती आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीसारखी चिकण, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. जिप्सम आणि भरपूर कंपोस्ट मिसळा, नाहीतर सरळ उंच वाफे करा, पहिल्या वर्षी तेच सोपं.

बी इथलंच विकत घ्या. आईने पुडीत बांधून दिलं असलं तरी विमानतळावर कार्डावर लिहून दाखवावंच लागतं, लपवलं तर मोठा दंड आहे. आणि पाण्याचं म्हणाल तर ठिबक किंवा स्प्रिंकलर संध्याकाळी ६ ते सकाळी १० मध्येच चालवायचे, ट्रिगरचं नोझल असलेला पाइप हातात धरून मात्र कधीही पाणी घालता येतं.