डिस्चार्जनंतरचं अ‍ॅप: आकडे बघणार कोण?
घरी गेल्यावर बीपी, ऑक्सिजन, वजन हॉस्पिटलला कळवायचं नोंदींचं अ‍ॅप वॉर्डमध्ये असतानाच फोनवर घ्या, पहिली नोंद नर्ससमोर करा. खरा प्रश्न एकच: हे आकडे पलीकडे कोण बघतं, आणि रात्री-रविवारी बघतं का? बऱ्याचदा कुणीच नाही. त्यामुळे कुठला आकडा किती झाला की थेट फोन करायचा, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. छातीत दुखलं, धाप लागली तर मात्र अ‍ॅप राहू द्या, अँब्युलन्स बोलवा.

ऑक्सिमीटरला गार बोट आणि नेलपॉलिश चालत नाही. बीपी 5 मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर टेकवून. हार्ट फेल्युअर असेल तर वजन रोज सकाळी, लघवीनंतर, नाश्त्याआधी. 2-3 दिवसांत 2 किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच कळवा. आणि हो, बॅटरी सेव्हरमधून हे अ‍ॅप वगळा, नाहीतर गोळ्यांची आठवण गुपचूप बंद पडते.