इन्सुलेशन लाइनचा व्यास-कंट्रोल: सेकंद सोडा, मीटर धरा

तांब्याच्या तारेवर प्लास्टिक चढवणाऱ्या लाइनवर बाहेरचा व्यास आपोआप कायम ठेवायचा असेल, तर आधी मॉडेल (माल, वेग आणि व्यास यांचे गणित) लागते. त्याची सुरुवात मालाच्या हिशेबाने करा. एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या यंत्राचा) स्क्रू जेवढा माल ढकलतो तेवढाच तारेवर बसतो. १.३८ मिमी तांब्यावर बाहेरचा व्यास २.७८ मिमी हवा असेल, तर इन्सुलेशनचे क्षेत्रफळ ४.५७ चौ. मिमी. मिनिटाला ३०० मीटर वेगाला १.४५ घनतेचे पीव्हीसी तासाला सुमारे ११९ किलो लागते.

स्क्रूचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि माल यांचे प्रमाण मात्र सरळ रेषेत धरू नका. डायमागचा (माल तारेवर चढतो त्या तोंडामागचा) दाब वाढतो तसे फेऱ्यामागे पडणारे वजन बदलते. चार-पाच वेगांना १ मीटर तुकडा सोलून फक्त इन्सुलेशन तोला (इथे ६.६ ग्रॅम यायला हवे) आणि त्यावरून आरपीएमचा तक्ता बनवा. न सोलता तांब्याचे वजन वजा करण्याचा मोह टाळा. तांब्याचा व्यास १ टक्का चुकला तरी उत्तर ४ टक्के चुकते. लाइन वेग घेत असताना आरपीएम याच तक्त्यावर चालवा.

आता खरी अडचण. व्यास मोजणारा गेज डायपासून १२ मीटरवर असेल, तर ३०० मीटर वेगाला व्यासातला बदल २.४ सेकंदांनी दिसतो, ६० मीटरला १२ सेकंदांनी. सेकंदांत ट्यून केलेला पीआय कंट्रोलर (चूक आणि चुकांची साठत गेलेली बेरीज पाहून दुरुस्ती करणारा) म्हणूनच एका वेगाला शांत चालतो आणि दुसऱ्या वेगाला डोलतो. एन्कोडरच्या (तारेची लांबी मोजणाऱ्या सेन्सरच्या) पल्सवर दर मीटरला एकदा हिशेब करा. मग उशीर कायम १२ मीटरच राहतो.

वरच्या तारेवर कॅप्स्टनचा (तार ओढणाऱ्या चाकाचा) वेग १ टक्का वाढवला की व्यास ०.०१०५ मिमी घटतो. चुकीला (मोजलेला व्यास वजा हवा असलेला व्यास) ०.०१०५ ने भागा, पुन्हा ३६ ने (उशिराच्या तिप्पट) भागा. तेवढे टक्के दर मीटरला वेगात जोडा. ०.०५ मिमी जाड असेल तर मीटरमागे ०.१३ टक्के. घाईने ३६ चे १२ करू नका, व्यास हेलकावे खायला लागतो. बॉबिन बदलताना आणि वेग घेताना ही बेरीज गोठवा. वेग बराच सरकला की आरपीएम सावकाश बदलून तो मूळ जागी आणा.

३०० मीटर वेगाला आणि ६० आरपीएमला व्यास दर ५ मीटरला वरखाली होत असेल, तर दोष स्क्रूच्या फेऱ्याशी बांधलेला आहे. १२ मीटर उशिराचा कंट्रोलर तो काढू शकत नाही, उलट वाढवू शकतो. फीड झोनचे (स्क्रूत माल शिरतो त्या भागाचे) तापमान, हॉपरमधला माल आणि जाळी तपासा. तार मधोमध नसेल तर व्यास बरोबर दिसूनही एक बाजू पातळ राहते. तिथे क्रॉसहेडचे (डाय बसवलेल्या भागाचे) सेंटरिंग बोल्टच फिरवावे लागतात.