डीएनए नमुना देण्याआधी संमतीपत्रात काय पाहावं

नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या चोपडीत आपलं नाव सापडलं की आजोबा, चुलते, भावंडं सगळी सापडतात. डीएनएचंही तसंच. सही एकाची, माहिती मात्र सगळ्या रक्ताच्या नात्यांची. वारसासाठी किंवा व्हिसासाठी नमुना द्यायचा असेल तर आधी घरात बोला. नको असलेलं नातंही अहवालात निघू शकतं.

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांवर काम भागत असेल तर नमुना देऊच नका. पितृत्वाच्या वादात सुप्रीम कोर्टानेही १९९३ सालीच सांगितलंय की रक्ततपासणी सरसकट लावता येत नाही.

संमतीपत्र नाशिकच्या कलेक्शन सेंटरवर घाईत भरू नका, आदल्या दिवशी मागून घ्या. ‘संशोधनासाठी वापर’ अशी ओळ असेल तर खोडा आणि शेजारी सही करा. ओळख पटवायला साधारण वीसेक एसटीआर मार्कर (डीएनएमधल्या माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या ठरावीक जागा) पुरतात, आजारांची माहिती वाचायची गरजच नसते. ‘फक्त ओळखीसाठी’ हे शब्द लिहूनच घ्या. तपासणी कोणत्या शहरात होणार, नमुना किती दिवस ठेवणार, तेही विचारा. सगळ्यात जास्त चूक इथे होते: अहवाल मिटवला म्हणजे झालं, असं लोक समजतात. स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी), त्यातून काढलेला डीएनए आणि संगणकातली फाइल, तिन्ही नष्ट केल्याचं लेखी मागा.

पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीची सुमारे १४ हजार खाती फुटली, पण नातेवाईक शोधायच्या सोयीमुळे जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली.

नमुन्याआधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू बंद. स्वॅब गालाच्या आतून अर्धा मिनिट फिरवून पूर्ण वाळवायचा आणि कागदी पाकिटातच ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल राहते, बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. पाकीट तुमच्यासमोर सील व्हावं, सीलवर आडवी सही करा. घरी मागवलेल्या किटमध्ये गाल नक्की कोणाचा, याला साक्षीदारच नसतो, म्हणून कायदेशीर कामाला ते सहसा चालत नाही. कुणाचा ब्रश किंवा केस गुपचूप पाठवणं तर सरळ अन्याय आहे.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर आधी सांगा, रक्तात दात्याचा डीएनए दिसतो. एकसारख्या जुळ्यांत नेहमीच्या चाचणीने फरक कळत नाही.

निघताना सही केलेल्या संमतीपत्राची झेरॉक्स घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.